तेल जातं कुठे

पाव लिटर.
चार तास इंजिन चाललं की पाव लिटर.
खलफान मास्तर वहीत लिहून आणतात:
तारीख, वारा, किती वाजता किती ओतलं.
चाळीस वर्षं भूगोल शिकवलेला माणूस,
अक्षर अजून फळ्यावरचं.

उम्म-अल-क्वैनच्या खाडीत ऑगस्टची दुपार.
खारफुटीपलीकडे मागे राहिलेले दोन रोहित
आणि मी होडीच्या पोटात गुडघ्यांवर,
टॉर्च दातांत,
घाम नाकावरून थेट गिअरबॉक्सवर.
"सील गेलंय," मी खालूनच ओरडलो.
शाफ्टचं सील. सगळे हेच म्हणतात.
मीही न बघताच म्हटलं.

शेहदादनं कपलिंगखाली टिश्यू अंथरला,
चहाच्या हॉटेलातून उचललेला, पांढराशुभ्र.
दोर आवळले, गिअर टाकला.
धक्क्याला बांधलेली होडी
तासभर कुठेही न जाता चालत राहिली.
हे तेल लाल असतं. एक थेंब जरी पडला
तर कुंकवाच्या बोटासारखा उमटेल.

टिश्यू काढला.
कोरा.
तळात पाणी नाही, तेल नाही, वाससुद्धा नाही,
आणि मापाच्या काडीवर खूण नखभर खाली.

कुठेतरी पाणी मुरतंय, म्हणतो आपण.
पण लोखंडात तेल मुरत नाही.

मास्तरांनी हाक मारली नाही.
धक्क्यावरून नुसती काठी पुढे केली:
एग्झॉस्टच्या पिचकारीखाली, पाण्यावर,
मोरपिशी पातळ साय
ओहोटीबरोबर निघाली होती.

कूलर.
मनगटाएवढं पितळी नळकांडं.
आतल्या नळ्यांतून समुद्र, बाहेरून तेल,
मधे कागदाइतकी भिंत.
इंजिन चालू असताना जोर तेलाचा,
ते समुद्राकडे निसटतं, धुराच्या सोबतीनं मागे जातं,
सुकाणूवरचा माणूस बघत नाही त्या बाजूला.
इंजिन थांबलं की उलट:
समुद्र दबक्या पावलांनी आत.
बूच उघडून बोट बुडवलं.
सोलकढी.
हर्णैच्या पंगतीतली, तीच गुलाबी,
फक्त जिभेवर ठेवायची नाही.

आमचे आबा बिनइंजिनाच्या मचव्यावर तांडेल.
त्यांचं जे गळायचं ते फळ्यांतून, डोळ्यांसमोर.
पहाटे डबा घेऊन उपसायचे, शिव्या घालायचे,
दिवस सुरू करायचे.

कूलर काढला. एक तोंड रबरानं दाबलं,
दुसऱ्याला शेहदादचा सायकलचा पंप,
आणि सगळं बादलीत.
काही नाही.
काही नाही.
मग एक बुडबुडा,
मोहरीएवढा,
वर येऊन फुटायलाही लाजणारा.
"मिल गया उस्ताद!"
आणि त्या पोरानं आनंदानं इतका पंप मारला
की बादलीच कलंडली माझ्या अंगावर.

होडीचं नाव सुहैल.
मास्तर म्हणाले, महिनाअखेर पहाटे तो तारा दिसेल,
मग पाण्याला जरा माणुसकी येते.
मी म्हटलं, आमच्यात त्याला अगस्ती म्हणतात,
एका ओंजळीत समुद्र प्यायला होता.
मास्तरांनी ते मनात फिरवून बघितलं,
चष्मा पुसला,
म्हणाले, "इथे तर समुद्रच सुहैलला पितोय."

नवा कूलर शारजाहून गुरुवारी.
मग गिअरबॉक्स दोनदा, तीनदा धुवायचा,
तेल लालचं लाल निघेपर्यंत.
तोवर इंजिनाला हात लावायचा नाही.
मास्तरांनी वहीत लिहिलं: फक्त शीड.
खाली दोन रेघा मारल्या.

रात्री घरी फोन.
अठरा वर्षं दर महिन्याला ओततोय,
कुठे काही सांडलेलं दिसत नाही.
धाकटी "बाबा" म्हणायच्या आधी
जरा थांबली.
नेटवर्क, मी म्हटलं.
सगळे हेच म्हणतात.